दर आधी सांगणारा की उतारा आधी मागणारा?

घर-जमीन : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एरवी भाडेकरू, फेरफार आणि शेजाऱ्याने सरकवलेला गडगा हेच विषय अधिक असतात. या वेळी मात्र राहते किंवा वडिलोपार्जित घर विकू पाहणाऱ्यांची पत्रे बरीच आली आणि त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच होता : एजंट कोणता धरावा? जागेच्या मर्यादेमुळे काही पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : फोंड्याजवळच्या गावात आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. वडील वारल्याला पंधरा वर्षे झाली, आई गेल्या वर्षी गेली. आम्ही दोघे भाऊ. धाकटा पोर्तुगालमध्ये स्थायिक आहे आणि बहीण बेळगावला दिली आहे. घर बंद पडून गळू लागल्यामुळे ते विकावे, असे तिघांनी ठरवले. तीन एजंट येऊन गेले. पहिल्याने मोबाइलवर छायाचित्रे काढली आणि उभ्या उभ्याच १ कोटी ३५ लाख दर सांगितला. दुसऱ्याने घर आतून धड पाहिलेही नाही; मागील दाराने बाहेर पडून विहीर, गडगा आणि कोपऱ्यातल्या खोपीकडे जाणारी वाट पाहिली, उताऱ्याची प्रत मागितली आणि 'आठवडाभराने येऊन दर सांगतो' म्हणून निघून गेला. त्याचा आम्हांला थोडा रागच आला. आठवड्याने त्याने १ कोटी १५ ते २० लाख सांगितले. तिसऱ्याने १ कोटी ८० लाख सांगितले. मात्र वर्षभर घर दुसऱ्या कोणत्याही एजंटाला द्यायचे नाही आणि भाऊ परदेशात असल्याने आम्ही सर्वांनी त्याच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावे, अशा त्याच्या अटी आहेत. बहिणीच्या सहीचे तो 'नंतर बघू' म्हणतो. भावाचे आणि घरच्यांचे मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. आपला सल्ला काय?
— एक निवृत्त शिक्षक, फोंडा तालुका

उत्तर : आपल्याला ज्याचा राग आला, त्याच्याशीच पुढची बोलणी करावीत, असे मला वाटते. तिसऱ्याला नम्रपणे नकार द्यावा आणि पहिल्याला एक प्रश्न विचारून पाहावा. तो प्रश्न पुढे देतो.

दुसऱ्या एजंटाने मागल्या दारी जाऊन काय पाहिले, ते आधी समजून घेऊ. कोपऱ्यातल्या खोपीत कोणी राहत असेल आणि ते कुटुंब मुंडकार (म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारे) असेल, तर गोव्याच्या १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला तेथून सहजासहजी काढता येत नाही, आपले राहते घर व त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क त्याला मिळतो आणि भाटकार बदलला म्हणून तो हक्क संपत नाही. वाट शेजाऱ्याच्या वहिवाटीची असेल, तर ती नव्या मालकालाही मोकळी ठेवावी लागेल. विहीर सामाईक असेल, तर तेही खरेदीदाराला आधी सांगावे लागेल. या गोष्टी आज लपल्या तरी खरेदीदाराचा वकील त्या शोधून काढतोच. आणि टोकन घेतल्यानंतर त्या बाहेर आल्या, तर एक तर व्यवहार मोडतो किंवा दर असा खाली येतो की आधी सांगितलेल्या मोठ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. जो एजंट पहिल्याच भेटीत खोपीकडे पाहतो, तो आपला वेळ वाचवतो.

उतारा मागण्यामागेही हेच कारण आहे. एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव अजून चालत आले आहे, अशी घरे गोव्यात काही थोडीथोडकी नाहीत. शिवाय उताऱ्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. ती नोंद कब्जा आणि हक्क यांविषयी प्राथमिक गृहीतक देते, एवढेच. वडिलांचा आणि आईचा असे दोन वारसे आपल्या बाबतीत उघडले आहेत आणि दोन्हींची रीतसर व्यवस्था झाल्याशिवाय कोणताही जाणता खरेदीदार किंवा त्याची बँक पैसे मोकळे करणार नाही. गोव्याच्या २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली विशेष नोटरीसमोर वारसा दस्त करता येतो. भावंडांत एकमत नसेल, तर न्यायालयात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची कार्यवाही) लावावी लागते. बहिणीचा वाटा भावांइतकाच आहे. ती लग्न होऊन बेळगावला गेली म्हणून तिचा हक्क कमी होत नाही, आणि म्हणूनच तिच्या सहीबद्दल 'नंतर बघू' म्हणणारा एजंट एक तर गोव्याचा कायदा जाणत नाही किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करतो. दोन्ही स्थितींत तो आपल्या उपयोगाचा नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि स्थावर विकताना दोघांचीही संमती लागते. म्हणजे आपल्या पत्नीचीही सही हवी. भावाच्या पत्नीची आणि बहिणीच्या यजमानांची सही लागते की नाही, हे त्यांची लग्ने कोठे आणि कोणत्या कायद्याखाली झाली, यावर अवलंबून आहे. ते वकिलाकडून ठरवून घ्यावे, गृहीत धरू नये. घरामागे भातशेतीचा तुकडा असेल, तर तो घराबरोबर सहजी विकता येईल असेही समजू नका. २०२३ च्या कायद्याने अशी शेतजमीन शेतकरी नसलेल्यांच्या नावे करण्यावर निर्बंध आहेत.

आता दराकडे वळू. १ कोटी ८० लाख हा आकडा ऐकून भावाचे मन वळले असेल, तर त्यात नवल नाही. पण घराची किंमत एजंट ठरवत नसतो, खरेदीदार ठरवतो. एजंटाने सांगितलेल्या आकड्याने त्याचे काहीच जात नाही. मोठा आकडा सांगून घर आपल्या हाती घ्यायचे, तीन-चार महिने कोणी फिरकले नाही की 'बाजार पडला आहे' म्हणत दर थोडा थोडा खाली आणायचा, आणि तोवर मालक वर्षभराच्या कराराने बांधला गेलेला असल्यामुळे त्याला दुसरीकडे जाता येत नाही, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. शिवाय जे घर महिनोन्महिने संकेतस्थळांवर पडून राहते, त्यात काही तरी खोट असणार, असे खरेदीदार समजू लागतो आणि अखेरीस ते मूळच्या योग्य दराहूनही कमी किमतीला जाते. म्हणून पहिल्या एजंटाला विचारण्यासारखा प्रश्न हा की, आमच्या गावात किंवा शेजारच्या गावात अशा प्रकारचे कोणते घर गेल्या वर्षा-दोन वर्षांत विकले गेले, मालकाने मागितलेला दर काय होता, विक्रीखत किती रकमेचे झाले आणि मध्ये किती काळ गेला? जाहिरातींतले दर उत्तर म्हणून घेऊ नका. ते मागितलेले असतात, मिळालेले नव्हेत. पहिल्याकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, तर त्याचा १ कोटी ३५ लाखांचा आकडा खराही असू शकेल आणि तसे झाल्यास दुसऱ्याशी त्याची तुलना अवश्य करावी.

मुखत्यारपत्राच्या अटीबद्दल मात्र दुसरे मत असू नये. एजंटाला घर दाखवण्यासाठी आणि बोलणी करण्यासाठी मुखत्यारपत्राची गरज नसते. साधे सहीचे पत्र पुरते. मुखत्यारपत्र दिले की सही करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्याच्या हाती जातो, आणि ते 'मोबदला घेऊन, रद्द न होणारे' अशा शब्दांत लिहिले गेले, तर भारतीय करार कायद्याच्या कलम २०२ चा आधार घेऊन ते रद्द करण्यालाच तो आडकाठी घालू शकतो. मुखत्यारपत्राच्या जोरावर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे, पण त्यामुळे मधल्या काळातील मनस्ताप टळत नाही. भावाने मुखत्यारपत्र द्यायचेच असेल, तर ते आपल्याला द्यावे, फक्त या एका घराच्या विक्रीपुरते द्यावे आणि पैसे थेट त्याच्या खात्यात जमा व्हावेत, असे त्यात लिहावे. पोर्तुगालमधील भारतीय दूतावासात ते साक्षांकित करून आले की भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. ही मुदत अनेकांकडून हुकते.

कागदपत्रांच्या प्रती देतानाही सावध राहा. मालक परदेशात, घर बंद आणि कागद जुने, अशा मालमत्ता खोट्या दस्तांनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये राज्य सरकारला पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला. आपले घर नेमके त्याच वर्णनाचे आहे. पोर्तुगीज काळातील मूळ दस्त कोणाच्याही हाती देऊ नयेत. प्रती द्यायच्या त्या प्रत्येक पानावर कोणाला, कोणत्या तारखेस आणि कशासाठी दिल्या, ते आडवे लिहून द्याव्यात.

भावाच्या वाट्याच्या करासंबंधी थोडक्यात सांगतो. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत व्यवहार ५० लाखांचा वा त्याहून अधिकचा असेल, तर खरेदीदार १ टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याला ही ५० लाखांची मर्यादा लागू नाही आणि कपातीचा दरही कितीतरी अधिक आहे. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी मिळवला नाही, तर मोठी रक्कम कापली जाऊन ती विवरणपत्र भरून परत मिळवावी लागते. एजंटाने कर सल्लागार व्हावे, अशी अपेक्षा नाही; पण 'तिघांपैकी कोणी परदेशस्थ आहे का' हे त्याने टोकनाआधी विचारलेच पाहिजे.

दुसऱ्या एजंटाशी करार करताना मुदत तीन किंवा चार महिन्यांची ठेवा आणि दर पंधरवड्याला किती जणांना घर दाखवले, त्यांनी काय म्हटले, हे त्याने लेखी कळवावे, अशी अट घाला. जाहिरातीचा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी स्वतः वाचा. राजांगण आणि तुळशीवृंदावन असलेली आपली घरे हल्ली 'पोर्तुगीज व्हिला' म्हणून खपवली जातात, ते एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण क्षेत्रफळ वाढवून सांगणे किंवा नसलेला रस्ता दाखवणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण एजंटाने आपल्या कामाच्या ओघात केलेले खोटे विधान मालकानेच केले, असे करार कायद्याचे कलम २३८ धरते.

प्रश्न : आमच्याकडे आलेल्या एजंटाच्या कार्डावर रेरा (स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक छापलेला आहे. तेवढ्याने तो विश्वासाचा समजावा काय?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : क्रमांक असणे चांगलेच, परंतु त्याचा अर्थ नेमका किती, ते माहीत असावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारत यांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीशिवाय असे काम केल्यास दिवसाला १० हजार रुपये आणि एकूण मिळून मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. गावातले जुने कौलारू घर कोणत्याही प्रकल्पाचा भाग नसते, त्यामुळे त्याच्या विक्रीवर या कायद्याची थेट नजर नसते. तरीही नोंदणी असलेला एजंट घ्यावा, असेच मी म्हणेन. निदान त्याचे नाव, पत्ता आणि छायाचित्र एका सरकारी यंत्रणेकडे आहे.

मात्र कार्डावरचा क्रमांक गोवा रेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, ते पाहावे आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या नावे आहे, ते पाहावे. पुष्कळदा नोंदणी एका संस्थेची असते आणि आपल्या दारी येणारा माणूस तिचा भागीदारही नसतो, नोकरही नसतो. व्यवहार जुळला तर दलालीत वाटा घेणारा, एवढेच त्याचे नाते असते. अशा वेळी करार त्या संस्थेशीच करावा आणि आलेल्या माणसाच्या अधिकाराचे पत्र मागावे.

नोंदणीपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती एक साधी चौकशी. गेल्या वर्षभरात ज्यांची घरे या एजंटाने विकली, अशा दोघा-तिघा मालकांशी बोलावे. खरेदीदारांशी नव्हे. ठरलेली रक्कम वेळेवर मिळाली का, अखेरच्या दिवसांत दलाली वाढवून मागितली का आणि अडचण आली तेव्हा तो फोन उचलत होता का, एवढे विचारले तरी पुरे. जो एजंट असे एकही नाव देऊ शकत नाही, त्याच्या कार्डावर काय छापले आहे, याला फारसे महत्त्व देऊ नये.

प्रश्न : पेडणे तालुक्यात आमचे घर आणि सभोवती थोडी जागा आहे. मोपा विमानतळ झाल्यापासून चौकशा वाढल्या आहेत. गावातलाच, ओळखीतला एक एजंट म्हणतो, "काकी, तुमच्या हातात ७० लाख रुपये रोख ठेवतो, कमिशन एक पैसा नको. वरचे काय मिळेल ते माझे." माझे यजमान हयात नाहीत, मुलगा बोटीवर असतो. दलालीची कटकट नाही, म्हणून हे बरे वाटते. यात काही वावगे आहे काय?
— एक गृहिणी, पेडणे

उत्तर : ताई, वावगे बरेच आहे, आणि 'कमिशन नको' या दोन शब्दांतच ते दडलेले आहे. दलाली घेणाऱ्या एजंटाचे हित आपल्या हिताच्या दिशेने असते, कारण घर जितके महाग विकले जाईल तितकी त्याची दलाली वाढते. 'वरचे माझे' म्हणणाऱ्याचे हित मात्र आपल्याला घराची खरी किंमत कळू न देण्यात असते. तो खरेदीदाराची आणि आपली भेट होऊ देणार नाही. उद्या दिल्लीच्या किंवा मुंबईच्या खरेदीदाराने १ कोटी १० लाख दिले, तर दोन-तीन टक्क्यांच्या दलालीला जे दोन-तीन लाख गेले असते, त्याऐवजी आपले ४० लाख गेले, असा त्याचा हिशेब होतो.

कायदा येथे आपल्या बाजूने आहे, पण तो पूर्ण माहिती मिळण्याच्या अटीवर आहे. एजंटाने मालकाला न कळवता त्या व्यवहारात स्वतःचा फायदा करून घेतला, तर तो फायदा मागून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम २१६ ने मालकाला दिला आहे. आणि एजंटानेच आडून ते घर घेतले असून त्याने महत्त्वाची माहिती लपवली असेल, तर कलम २१५ खाली व्यवहार नाकारताही येतो. परंतु 'वरचे तुझे' असे आपणच मान्य केले आणि तशी चिठ्ठी लिहून दिली, तर पुढे कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

दुसरी अडचण कराची आहे. विक्रीखत १ कोटी १० लाखांचे झाले, तर भांडवली नफ्याचा कर आपल्याला त्या पूर्ण रकमेवरून मोजावा लागेल, जरी हातात ७० लाखच आले तरी. रीतसर दिलेली दलाली विक्रीचा खर्च म्हणून नफ्यातून वजा करता येते; पावती नसलेले 'वरचे पैसे' कोणता अधिकारी मान्य करील? आणि विक्रीखत ७० लाखांचे करून वरची रक्कम काळ्या पैशात फिरवायची असेल, तर त्या कागदावर सही आपली असेल, त्याची नव्हे. त्याने आपल्याला रोख रकमेचे आमिष दाखवले आहे, तेही धोक्याचे आहे. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि मोडल्यास जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड ती घेणाऱ्याला होऊ शकतो. टोकन असो वा इसार, ते धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्यावे.

याच चालीचा आणखी एक प्रकार आपल्या भागात दिसतो, म्हणून लिहितो. एजंट स्वतःच खरेदीदार म्हणून करार करतो, एक-दोन लाखांचे टोकन देतो, 'विक्रीखत माझ्या किंवा मी सांगेन त्याच्या नावे करून द्यावे' असे कलम घालतो आणि मुदत दीड वर्षाची ठेवतो. एवढ्या टोकनावर तो दीड वर्ष आपले घर अडकवून ठेवतो; गिऱ्हाईक मिळाले तर नफा त्याचा, न मिळाले तर टोकन परत मागायलाही तो मोकळा. असा करार करायचाच झाला, तर मुदत तीन महिन्यांपेक्षा अधिक नको, टोकन किमतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी नको आणि त्याच्या बाजूने व्यवहार मोडल्यास ते जप्त होईल, असे स्पष्ट लिहिलेले हवे.

मुलगा बोटीवरून येईपर्यंत थांबता येत असेल, तर थांबावे. यजमानांच्या वाट्यात मुलाचा हक्क असल्याने त्याच्याशिवाय विक्री होणारही नाही. एजंट ओळखीतला आहे, हे ठीक. दलाली टक्क्यांत, खरेदीदार समोर आणि रक्कम बँकेत, या अटी त्यालाच सांगून पाहा. तो मान्य करील, तर ओळखीचा उपयोग झाला म्हणायचा.

प्रश्न : पर्वरी येथील माझ्या सदनिकेसाठी एका एजंटाशी सहा महिन्यांचा करार केला होता. त्या काळात त्याने दोनच माणसे आणली. अखेर आमच्याच इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या भाचीने सदनिका घेतली. आता एजंट पूर्ण दोन टक्के आणि वर जीएसटी मागतो. ते द्यावे लागेल काय?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : आपल्या करारातील एका वाक्यावर हे ठरेल. 'या काळात मालक दुसरा एजंट नेमणार नाही' एवढेच लिहिले असेल, तर मालकाने स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकावर दलाली लागू होत नाही. 'या काळात सदनिका कोणामार्फतही विकली गेली तरी दलाली देय राहील' असे लिहिले असेल, तर आपण ती कबूल केली आहे. दोन्ही प्रकारचे छापील नमुने चालतात आणि सही करताना त्यांतला फरक सहसा कोणी पाहत नाही. करारात यांपैकी काहीच नसेल, तर करार कायद्याच्या कलम २१९ चा साधा नियम लागू होतो : सोपवलेले काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही, आणि भाचीला आणण्याचे काम त्याने केलेले नाही. जीएसटी १८ टक्के आहे, पण तो मागणाऱ्याकडे स्वतःचा नोंदणी क्रमांक आणि रीतसर बिल असले पाहिजे. तेवढे मागितले की कित्येकदा ही मागणी आपोआप मागे घेतली जाते.

ज्यांचे करार अजून व्हायचे आहेत, त्यांच्यासाठी लिहितो. दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही, तो बोलून ठरतो. म्हणून तो जीएसटी धरून की सोडून, हे लिहावे. ती टोकनाच्या दिवशी नव्हे, तर विक्रीखत नोंदले जाऊन पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर देय व्हावी. एजंट खरेदीदाराकडूनही दलाली घेणार असेल, तर त्याने ते आधी सांगावे. मुदत संपल्यानंतरही काही काळ दलालीवर हक्क राहील, असे कलम त्याला हवे असते आणि ते अगदीच गैर नाही, कारण त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाशी महिन्याभराने परस्पर व्यवहार करणारे मालकही असतात. पण तो हक्क त्याने मुदतीत लेखी कळवलेल्या नावांपुरताच असावा.

प्रश्न : एजंट म्हणतो की त्याचा नेहमीचा वकील दोन्ही बाजूंची कागदपत्रे करून देईल, वेगळ्या वकिलाचा खर्च कशाला? आणि मुळात वकील असेल, तर एजंट हवाच कशाला?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. खरेदीदार नात्यातला किंवा शेजारचा ठरलेलाच असेल, तर एजंट नको, वकील पुरे. खरेदीदार शोधायचा असेल, घर रोज उघडून दाखवायला घरात कोणी नसेल किंवा परप्रांतीय गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे जमत नसेल, तर चांगल्या एजंटाची दलाली वसूल होते.

पहिल्या प्रश्नात मात्र गफलत आहे. एजंटाच्या नेहमीच्या वकिलाला पुढची दहा कामे एजंटाकडून मिळायची असतात आणि व्यवहार मोडला, तर एजंटाची दलाली बुडते. अशा वकिलाकडून 'हे कलम तुमच्या विरुद्ध आहे, सही करू नका' असे शब्द आपल्याला ऐकायला मिळतील, याची शाश्वती कोण देणार? उपनिबंधकाकडून बोजा नसल्याचा दाखला काढणे, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि वापर परवाना पाहणे, घरपट्टीची थकबाकी तपासणे ही कामे एजंटाचा माणूस धावपळ करून आणू शकतो, त्यास हरकत नाही. विक्री कराराचा आणि विक्रीखताचा मसुदा मात्र आपल्या वकिलाने वाचावा, त्याची फी आपण वेगळी द्यावी आणि मसुद्याची प्रत नोंदणीच्या आदल्या रात्री नव्हे, तर किमान दोन आठवडे आधी आपल्या हाती पडेल, असे एजंटाला कराराच्या वेळीच सांगून ठेवावे.